एकीपुरती शपथ

कोनफळांच्या बाजारात आवेरोसमोर कुणी आवाज चढवत नसे. चढवलाच, तर पुढच्या हंगामात त्याच्या गाळ्यात माल उतरत नसे, इतकं साधं होतं. तीस वर्षं ती इयालोजा होती, म्हणजे बाजाराची आई. ती एकदा खाकरली की दोन हजार बायका फळ्या उघडत, दुसऱ्यांदा खाकरली की मिटत. शाळेत ती दोन पावसाळे गेली होती. तेवढ्यात तिला अंक आले आणि माणसं ओळखता आली, बाकीचं मास्तरकडेच ठेवून ती परत आली.

त्या रविवारी सकाळी सुफियानू आला. मोटार अड्ड्याचा मुकादम, डावा कान अर्धा तुटलेला, कमरेला कोयता. एवढा धिप्पाड बाप्या, पण आवेरोला बघितल्याबरोबर मातीत आडवा झाला आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

"ऊठ बाबा, ऊठ," आवेरो म्हणाली. "गिऱ्हाईकाची वाट अडवलीस. चीफनं पाठवलं की भुकेनं?"

"दोन्हींनी, इया." बाजारात आणि अड्ड्यावर सगळे तिला इया, म्हणजे आई, म्हणत.

तिनं त्याच्यापुढे आकारा, चवळीचे तळलेले वडे, ठेवले. पोरका झाला तेव्हापासून तो या फळीवर बसून आकारा खात आला होता. त्यानं चार संपवले, पाचवा हातातच धरून ठेवला आणि खाली बघून बोलला, "इया, मंगळवारी फाडेकेला घरी ठेवा."

"का? मंगळवारी काय पाऊस आहे?"

"पाऊस नाही. वावटळ आहे."

आवेरोला पुढचं सांगावं लागलं नाही. फाडेके तिची धाकटी लेक. वकील झाली, आमदार झाली, आणि निवडून आल्यापासून वर्षभरात तिनं विधानसभेत असं एक बिल आणलं होतं की निम्म्या आमदारांची झोप उडाली होती. लोक त्याला सचोटीचा कायदा म्हणत. प्रत्येक आमदारानं, प्रत्येक मंत्र्यानं आपलं घरदार, गाड्या, मेव्हण्याच्या नावावरचे ठेके, सगळं उघड मांडायचं. आणि ते खरं असल्याची शपथ बायबलवर नाही, कुराणावर नाही, लोखंडावर जीभ ठेवून घ्यायची. हे शेवटचं कलम आवेरोचंच होतं. एकदा जेवताना ती म्हणाली होती, "पुस्तकावर हात ठेवून खोटं बोलायला तुमच्यातल्या कुणाला घाम फुटलाय का गं? ओगुनदेवाच्या लोखंडावर जीभ ठेवा म्हणावं, मग बघ कसे पळतात." पोरीनं ते कागदावर उतरवलं.

बिल मंगळवारी मताला येणार होतं. आणि चीफ जायेओलाला ते नको होतं. तीन गव्हर्नर त्यानं केले होते, त्यांतला एक पाडलाही होता. राज्यातला रस्ता, शाळेची कौलं, दवाखान्याची सुई, काहीही त्याच्या अंगणातून गेल्याशिवाय कुठे पोचत नसे.

"चीफला सांग," आवेरो म्हणाली, "पोरगी मी जन्माला घातली, दावणीला बांधली नाही. ती ऐकायची नाही."

"मग इया, माझ्या हातात काही नाही."

"तुझ्या हातात कोयता आहे." तिनं कोनफळं कापायची सुरी उचलली, वस्त्राला पुसली आणि त्याच्या तोंडासमोर धरली. "चाट. माझ्या फाडेकेच्या अंगावर तुझ्या किंवा तुझ्या माणसांच्या हातानं ओरखडा उठणार नाही. म्हण."

सुफियानू मागे सरकला. "इया, लोखंड नको. कुराणावर घेतो. बायबल आणा, त्यावरही घेतो. दोन्ही एकावर एक ठेवा."

"ती दोन्ही तुझ्या चीफच्या सवयीची आहेत. चाट."

अड्ड्यावरचा माणूस होता तो, लोखंडात बसून लोखंडावर जगणारा. त्याच्या थोरल्या भावानं लोखंडावर खोटी शपथ घेतली होती आणि तिसऱ्या महिन्यात ट्रकखाली त्याचा लगदा झाला होता. सुफियानूनं तो स्वतः फावड्यानं गोळा केला होता. त्यानं डोळे मिटले, पात्याला जीभ लावली, आणि म्हणाला, "ओरखडा उठला तर हे लोखंड मला खावो."

आवेरोनं श्वास सोडला. चांगलं वजनदार कोनफळ निवडून त्याच्या काखेत दिलं.

बाकीच्यांचं काय, हे तिनं विचारलं नाही. प्रश्न जिभेवर आला होता. तिनं तो गिळला, आणि गिळताना तो बोचला नाही असं तिनं स्वतःला सांगितलं.

दुपारी बाबा फाकुन्ले आला. विधानसभेचा चोपदार, राजदंड खांद्यावर घेऊन अध्यक्षाच्या पुढे चालायचं त्याचं काम. जुना शिपाईगडी, पाठ अजून भिंतीसारखी सरळ. दर रविवारी तो आवेरोकडूनच कोनफळं नेत असे आणि दर रविवारी घासाघीस करत असे.

"आवेरो, ही कोनफळं आहेत की बकरीच्या शेपट्या?"

"तुझ्या दातांना शेपट्याच झेपतील, फाकुन्ले."

तो खदखदून हसला. "मंगळवारी गॅलरीत ये. तुझ्या लेकीच्या बिलासाठी राजदंड मी घासूनपुसून ठेवलाय. तोंड दिसतं त्यात. माझंच नाही गं, तुझंसुद्धा सुंदर दिसेल."

तेव्हा सांगता आलं असतं. फाकुन्ले, मंगळवारी आजारी पड. चार शब्द. पण फाकुन्ले अध्यक्षाला सांगणार, अध्यक्ष चीफला, आणि चीफ विचारणार, चोपदाराला कुणी सांगितलं? मग सुफियानूची शपथ राहील की जाईल कोण जाणे. आवेरोनं त्याच्या पिशवीत एक कोनफळ जास्तीचं टाकलं.

"हे कशाबद्दल?" फाकुन्लेनं डोळे बारीक केले. "उद्या जग बुडणार आहे का?"

"घे मुकाट्यानं. नाहीतर परत काढते."

*

मंगळवारी फाडेके निळा पोशाख घालून निघाली. आवेरोनं पोटात कळ आल्याचं सोंग केलं, कण्हली, कॉटवर आडवी झाली. फाडेकेनं तिचा कपाळावरचा हात बाजूला केला.

"इया, कळ पोटात आहे. कपाळ का दाबतेस?"

मग आवेरोही उठली आणि सहा बायका घेऊन गॅलरीत जाऊन बसली.

फाडेके बोलायला उभी राहिली तेवढ्यात दार फुटलं. उघडलं नाही, फुटलं. कडी उडून पहिल्या बाकावर पडली. चाळीसेक जण आत घुसले. कोयते, लोखंडी कांबी, तुटलेल्या बाटल्या. पहिल्याच झटक्यात एका आमदाराचा जबडा निखळला आणि तो हातात तोंड धरून खाली बसला. दुसऱ्यावर खुर्ची पडली, मग खुर्चीवर माणूस पडला. बिलाच्या बाजूचे दोघे पाठीला पाठ लावून उभे राहिले, त्यांना कांबींनी आडवं केलं. एकाच्या डोक्यातून रक्त असं उडालं की मागच्या भिंतीवरच्या गव्हर्नरच्या तसबिरीला लागलं. एक गलेलठ्ठ आमदार घोळदार झग्यासकट खिडकीत अडकला. अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि दोन्हीकडून ओरडणं त्याचंच. अध्यक्ष मेजाखाली शिरला.

फाकुन्ले मात्र हलला नाही. त्यानं राजदंड छातीशी धरला. राजदंडाशिवाय सभा बसत नाही, कुठलाही कायदा होत नाही, हे त्याच्याइतकंच चीफलाही माहीत होतं.

"बाबा, द्या तो," सुफियानू म्हणाला.

"मी मेल्यावर घे."

फाडेके धावत आली आणि म्हाताऱ्याला मिठी मारून आडवी उभी राहिली. आणि मग ते झालं, जे सगळ्यांनी बघितलं. ते चाळीस जण थबकले. एकानं हात पुढे केला, फाडेकेची बाही त्याला लागली, आणि त्यानं हात असा मागे घेतला जसा तापल्या कढईवरून घेतात. ते तिच्या डावीकडून आले, उजवीकडून आले, तिला टाळून वाकले, तिच्या हाताखालून फाकुन्लेचे पाय धरले आणि त्याला तिच्या मिठीतून खाली ओढून काढलं. ती त्यांना नखं मारत होती, चावत होती. कुणी तिला साधं ढकललंही नाही.

सुफियानूनं कोयता उचलला. पहिला घाव मनगटावर पडला. फाकुन्लेनं राजदंड दुसऱ्या हातात घेतला. दुसरा घाव त्या हातावर. तेव्हा म्हातारा राजदंडावर पालथा पडला, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा, आणि तिसरा घाव मानेवर आला.

सगळं थांबलं तेव्हा फाडेके रक्ताच्या मधोमध उभी होती. निळा पोशाख काळा झालेला. अंगावर ओरखडा नाही.

राजदंड काखेत मारून जाता जाता सुफियानूनं वर गॅलरीकडे बघितलं आणि डोकं लववलं. बघा इया, शब्द पाळला. तो नमस्कार फक्त आवेरोला कळला. तिनं बाकाची कड इतकी घट्ट धरली की नखाखाली लाकडाची कपची शिरली.

*

गॅलरीतून कुणीतरी सगळं फोनवर टिपलं होतं; संध्याकाळपर्यंत सगळ्या शहरानं ती फिल्म बघितली. आणि सगळ्या शहरानं एकच प्रश्न विचारला. तिघांची डोकी फुटली, म्हातारा चोपदार गेला, मग ही एकटी कोरडी कशी राहिली?

"विकली गेली," लोक म्हणाले. "बिल म्हणजे नुसतं सोंग. चीफचीच माणूस."

दवाखान्यात पडलेल्या तिच्या सोबत्यांनी तिला भेटायला येऊ नकोस म्हणून कळवलं. वर्षभर जे कायद्याच्या बाजूनं सह्या करत हिंडले होते त्यांनी सह्या मागे घेतल्या. अधिवेशन शुक्रवारी संपणार होतं. तोवर राजदंड मिळून सभा बसली नाही तर बिल मेलं. पण आता राजदंड मिळाला तरी त्याला मत कोण देणार होतं?

फाडेके घरी आली, न्हाणीत बसली, तासभर पाणी ओतत राहिली. बाहेर आली ती थेट आईसमोर.

"इया, त्यांनी मला का नाही मारलं?"

"देवानं राखलं."

"देवाला बाबा फाकुन्लेचं नाव ठाऊक नव्हतं का?"

आवेरोनं शेगडीवरचा आमाला, कोनफळाच्या पिठाची उकड, ढवळला. "खाऊन घे. रिकाम्या पोटी देवाशी भांडू नये."

"मी त्यांना चावले, इया. एकाचं बोट माझ्या तोंडात होतं. तो 'आई गं' म्हणाला आणि तसाच उभा राहिला." फाडेकेचा आवाज फाटला. "मला वाटतं, मला मारायला हवं होतं. मग निदान बिल तरी जगलं असतं."

आवेरोनं ताट तिच्यापुढे सरकवलं. 

बुधवारी सकाळी तिनं वखार उघडली. कोनफळांच्या थप्प्या ती स्वतः लावायची, हाताएवढ्या लांब गड्ड्यांची रांगेवर रांग, आणि तिला डोळे मिटूनही कळायचं कुठली रांग कशी आहे. मागची थप्पी कुणीतरी उपसून परत लावली होती. अडाण्यानं लावली होती, देठ आतल्या बाजूला. तिनं चार रांगा काढल्या. खाली गोणपाटात गुंडाळलेला राजदंड होता. पितळ सोन्यासारखं चमकत होतं आणि मुठीवर रक्त वाळून काळं झालं होतं. त्यात तोंड दिसत नव्हतं.

सुफियानूनं जागा विचार करून निवडली होती. इयालोजाच्या वखारीत कोण शोधणार? त्याच्या लेखी ती त्यांच्यातलीच होती. आणि त्याचं चुकलं होतं असं आवेरोला म्हणता येईना. तीस वर्षं निवडणुकीच्या आधी तांदळाची पोती तिच्याच अंगणात उतरत होती. कुणाच्या चिन्हावर बोट उमटवायचं ते दोन हजार बायकांना तीच सांगत होती.

तेवढ्यात फोन वाजला. चीफ.

"आवेरो, जेवलीस का?" त्याचा आवाज नेहमी तुपात घोळलेला. "फाडेके कशी आहे? माझ्या पोरांनी तिला जपलं की नाही? शुक्रवार एकदा जाऊ दे. पुढच्या वेळी तिला उपाध्यक्ष करू. लोक काय, चार दिवस बोलतात."

"होय चीफ," आवेरो म्हणाली. तिनं राजदंड परत गुंडाळला आणि थप्पी लावली. या वेळी देठ बाहेरच्या बाजूला.

*

गुरुवारी फाकुन्लेला माती द्यायची होती. फाडेकेला आवेरोनं बजावलं होतं, जाऊ नकोस. ती गेली.

दहा वाजता मिरच्या विकणारी एक बाई धापा टाकत बाजारात आली. "इयालोजा! फाडेकेला मारतायत! फाकुन्लेच्या अंगणात! त्याचे मुलगे, शेजारी, सगळे!"

ज्या अंगावर मंगळवारी चाळीस गुंडांनी बोट ठेवलं नव्हतं, त्यावर आता शोक करणारी माणसं तुटून पडली होती.

आवेरो वखारीत गेली. थप्पी लाथेनं पाडली. राजदंड काढला, गोणपाट फेकून दिला, आणि कमरेचं वरचं वस्त्र सोडून राजदंड पाठीवर बांधला, तान्हं मूल बांधतात तसा, मूठ खांद्यावर. कोनफळाची सुरी हातात घेतली आणि चालू लागली.

बायकांनी बघितलं. एकीच्या हातातलं माप पडलं. "इयालोजाच्या पाठीवर काय आहे ते बघा!" फळ्या धडाधड मिटल्या. कुणी मुसळ घेतलं, कुणी तराजूचं वजन, कुणी नुसताच आवाज. सगळ्या मागे निघाल्या.

बाजाराच्या कमानीपाशी सुफियानू आडवा आला. एकटाच होता. नेहमीसारखा पालथा पडायला गुडघे वाकले त्याचे, मग पाठीवरची मूठ दिसली आणि तो ताठ झाला.

"इया, ते खाली ठेवा."

"बाजूला हो."

"तुम्हाला कळत नाही काय करताय. चीफ मला जिवंत ठेवणार नाही. तुम्हालाही नाही."

"मला सगळं कळतं. उशिरा कळतं, एवढंच." तिनं सुरी खाली केली. "रविवारी तू शपथ घेतलीस ती फाडेकेची. माझी नाही. मी मागितलीच नाही. मग तुला कसली आडकाठी आहे? मार."

"इया, मला भाग पाडू नका."

"आकारा खाऊन मोठा झालास माझ्या हातचे. आता हात तोड."

त्यानं मारलं. रडत मारलं, पण जोरानं. घाव खांद्यावर बसला आणि मांस उघडं पडलं. आवेरो गुडघ्यावर आली. दुसरा घाव पाठीवर पडला, आणि कोयता पितळेवर खणकन वाजून त्याच्या हातातून निसटला. आवाज घंटेसारखा घुमला.

मग बायका त्याच्यावर पडल्या. पहिल्या मुसळानं गुडघा मोडला, तो ओला फाटा मोडावा तसा आवाज झाला. तराजूचं वजन तोंडावर आलं, दात गेले. कुणीतरी त्याचा उरलेला कान ओढला. एकीनं ठेचलेल्या मिरचीचं पाणी त्याच्या जखमांवर ओतलं आणि तो माणसाच्या आवाजात ओरडायचा थांबला. पलीकडून टायर आणा, रॉकेल आणा, असा गलका उठला.

"थांबा!" आवेरो त्याच्यावर जाऊन पडली. जशी परवा फाडेके फाकुन्लेला चिकटली होती तशीच. एक मुसळ तिच्या पाठीत बसलं तेव्हा कुठे बायका थांबल्या. "अगं भवान्यांनो, हा मेला तर चीफचं नाव कोण घेणार? तुमचा आजा? मला हा तोंडासकट हवाय! उचला त्याला, मिरचीच्या हातगाडीवर घाला, आणि चला."

*

फाकुन्लेच्या अंगणात खड्डा खणून तयार होता. फाडेके त्याच्या कडेला पडलेली होती. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला, केसांत माती. फाकुन्लेचा थोरला तिच्या पाठीत लाथ घालत होता आणि दर लाथेला विचारत होता, "किती मिळाले? बोल, किती मिळाले?"

बाजाराच्या बायका आत शिरल्या आणि लाथ थांबली. आवेरो फाडेकेकडे गेली नाही. ती सरळ इबिदुनसमोर गेली, फाकुन्लेच्या बायकोसमोर. गाठ सोडली आणि राजदंड तिच्या पायाशी ठेवला. मग स्वतः गुडघ्यांवर बसली. तीस वर्षांत आवेरो आपणहून कुणापुढे गुडघ्यांवर बसली नव्हती. तिनं सुरीला जीभ लावली. रक्त खांद्यावरून हातावर आलं होतं आणि पात्यावर उतरलं होतं; खारट लागलं.

"इबिदुन, ऐक. माझी मुलगी विकली गेली नाही. मी विकली गेले. तीही आज नाही, तीस वर्षांपूर्वी. रविवारी सुफियानूनं मला सांगितलं, मंगळवारी येणार म्हणून. मी त्याला लोखंडावर शपथ घ्यायला लावली की फाडेकेला हात लावायचा नाही. एकीपुरती घेतली. दुसऱ्या कुणाचं नाव मी काढलं नाही." ती थांबली. एकदा खाकरली. "दुपारी तुझा नवरा आला माझ्याकडे. मला माहीत होतं. मी त्याला सांगितलं नाही. एक कोनफळ जास्तीचं दिलं, बस्स."



"ते मी मंगळवारीच कांडलं होतं," इबिदुन म्हणाली. अगदी हळू. "तो म्हणाला होता, आवेरोनं आज कधी नव्हे ते मन मोठं केलंय, आल्यावर खातो. झाकून ठेवलं होतं मी."

ती उठली. घरात गेली आणि मुसळ घेऊन आली, तेच, ज्यानं कांडलं होतं. मुलगे पुढे सरसावले, तिनं त्यांना डोळ्यानंच बसवलं.

"कुठल्या हातानं दिलंस?"

आवेरोनं उजवा हात पुढे केला आणि जमिनीवर ठेवला.

मुसळ एकदाच उतरलं. बोटांची हाडं फुटल्याचा आवाज पार कुंपणापर्यंत गेला.  आवेरोच्या नाकातून वाफेसारखा श्वास निघाला. हात तिनं मागे घेतला नाही.

इबिदुननं मुसळ पुन्हा उचललं, आणि खाली टाकून दिलं.

"डावा राहू दे," ती म्हणाली. "उद्या विधानसभेत सुरी धरायला लागेल."

फाडेके एक डोळा उघडा ठेवून बघत होती. ती कोपरावर उठली, पण आईच्या जवळ आली नाही.

*

शुक्रवारी सभा बसली. बत्तिसांतले वीस आले. त्यातल्या एकाचा जबडा बांधलेला होता, दोघांच्या डोक्याला पट्ट्या. राजदंडाला कोयत्याची खाच पडलेली, आणि तो आणला फाकुन्लेच्या थोरल्या मुलानं, बापासारखा खांद्यावर घेऊन. चीफच्या घराला कुलूप होतं. तो म्हणे परदेशी दवाखान्यात छाती तपासायला गेला होता.

मतदानाआधी साक्ष झाली. सुफियानूला खुर्चीवर उचलून आणलं. त्यानं फुटक्या ओठांनी सुरीला जीभ लावली आणि नाव घेतलं, एकच नाव, तीनदा. मग आवेरो उभी राहिली, खांदा बांधलेला, उजवा हात फळीला जखडलेला, सुरी डाव्या हातात, आणि तिनंही पात्याला जीभ लावली.

प्रश्न फाडेके विचारत होती. सुजलेल्या ओठांतून शब्द जड येत होते.

"साक्षीदारानं नाव सांगावं."

"आता माझं नाव तुला माहीत नाही होय गं?"

"साक्षीदारानं नाव सांगावं."

"आवेरो. कोनफळांच्या बाजाराची इयालोजा."

तिनं रविवारचं सांगितलं, मंगळवारचं सांगितलं, वखारीचं सांगितलं, तांदळाच्या पोत्यांचंही. सभागृहात चुळबुळ वाढली, कारण पोती पाठवणारा एकच होता तरी निवडून आलेले पुष्कळ होते. फाडेके हातातल्या कागदाकडे बघत राहिली. तिथं आणखी काही लिहिलेलं नव्हतं हे आवेरोला खालूनही दिसत होतं. आता पोरगी बसेल, असं तिला वाटलं. बस, बाई. पुरे झालं.

"शेवटचा प्रश्न," फाडेके म्हणाली. "या सभागृहातली आमदार फाडेके, म्हणजे मी. मला उमेदवारी कशी मिळाली?"

 हे कुणालाच माहीत नव्हतं. चीफ पळालेला, दुसरा साक्षीदार नाही. पोरीला आजवर वाटत होतं की तिच्या वकिलीवर, तिच्या भाषणांवर ते झालं. एक खोटं, एवढंसं, आणि पोरगी आमदार राहील, कायद्याची आई म्हणून मिरवेल. हाडं मोडून घेतली, आता एवढं तरी पदरात पडू दे. फाडेके तिच्याकडे बघत होती, एका डोळ्यानं, आणि त्या डोळ्यात विनवणी नव्हती. पोत्यांचं ऐकतानाच तिला उत्तर कळलं होतं. आई ते सांगते का, एवढंच तिला बघायचं होतं.

पात्याची चव अजून जिभेवर होती.

"मी चीफच्या अंगणात गेले होते," आवेरो म्हणाली. "म्हटलं, बाजाराची सगळी मतं पुढच्या दोन निवडणुका तुमची, माझ्या पोरीला उभी करा. त्यानं केली."

कुणीतरी हसलं. कुणीतरी बाकावर मूठ आपटली. फाडेकेनं मान हलवली, एकदा.

"नोंद घ्या," ती अध्यक्षांना म्हणाली.

मग मतदान झालं. सुरी मेजावर तशीच पडलेली होती, आणि हात वर करताना प्रत्येकाचा डोळा तिच्यावर होता. अकरा विरुद्ध नऊ. सचोटीचा कायदा दोन मतांनी झाला, आणि त्या अकरांतलं एक मत फाडेकेचं होतं. ते देऊन ती तशीच पुढे गेली, राजीनामा अध्यक्षांच्या हातात दिला आणि बाहेर पडली.

आवेरो विधानसभेच्या पायऱ्यांवर बसली होती. कमरेच्या वस्त्राची गाठ सुटली होती आणि एका हातानं ती बांधता येत नव्हती. दोनदा बांधली, दोनदा निसटली. आजूबाजूनं माणसं जात होती. कालपर्यंत जी मातीत पालथी पडायची ती आज बाजूनं निघून जात होती, आणि एकजण तर थुंकला.

फाडेके तिच्या शेजारून दोन पायऱ्या खाली गेली. थांबली. परत वर आली, वाकली, आणि काही न बोलता गाठ बांधू लागली. घट्ट बांधली. जरा जास्तच घट्ट.

"आई गं!" आवेरो कळवळली. "जीव घेतेस की काय, आमदारीणबाई?"

"आमदारीणबाई नाही," फाडेके म्हणाली, आणि गाठीला आणखी एक पीळ दिला.